‘ओन्ली’ वाक्यात नेमके कोणाला चिकटते?

आडवळण:
इंग्रजीतील ‘ओन्ली’ हे क्रियाविशेषण शाळेत अगदी सुरुवातीला शिकवले जाते. त्याच्यापुढे वहीत एकदा ‘फक्त’ असे लिहून घेतले की पुढे सहसा कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. एका संस्थेच्या इंग्रजी पत्रकाचे मराठीकरण करताना मला मात्र या शब्दापाशी बराच वेळ थांबावे लागले. वाक्य साधे आहे: ‘द कमिटी ओन्ली इन्फॉर्म्ड द मेंबर्स ऑन मंडे’. याचा अर्थ समितीने सभासदांनाच कळवले, इतर कोणाला कळवले नाही, असा होऊ शकतो. समितीने सभासदांना नुसते कळवले, त्यांचे मत विचारले नाही, असाही होऊ शकतो. आणि कळवण्याचे काम सोमवारी केले, त्याआधी केले नाही, असाही तिसरा अर्थ निघतो. इंग्रजी लेखकाला यांपैकी एकही अर्थ निवडावा लागलेला नाही. ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी ठेवून तो मोकळा झाला आहे. मराठीत मला ‘सभासदांनाच’, ‘नुसते कळवले’ आणि ‘सोमवारीच’ यांतून एक निवडणे भाग आहे, कारण आपला ‘च’ कोणत्या ना कोणत्या शब्दाला चिकटल्याशिवाय वाक्यात येऊच शकत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. ‘ओन्ली’च्या स्थानाविषयी इंग्रजीत काही ठाम नियम आहे काय? आणि ‘ओन्ली’ म्हणजे ‘च’ असे समीकरण मांडणे कितपत योग्य आहे?

व्याकरणवही:
नियम आहे, असे सांगणारे अडीचशे वर्षांपासून सांगत आले आहेत, आणि तो न पाळणारेही तेव्हापासूनच तो पाळत नाहीत. रॉबर्ट लोथ यांच्या 1762 सालच्या इंग्रजी व्याकरणात याच प्रकारचे उदाहरण आहे. लोक सर्रास ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स’ असे म्हणतात, परंतु बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ पाहता ‘आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स’ असे हवे, असे त्यांचे म्हणणे होते. क्रियाविशेषण ज्या शब्दाशी संबंधित असेल त्याच्या शेजारी बसवावे, हे तत्त्व त्यामागे आहे. पुढच्या काळात शाळाशाळांतून हे तत्त्व कायद्यासारखे शिकवले गेले.

याच्या उलट बाजूने उभे राहिले हेन्री फाउलर. त्यांच्या 1926 सालच्या भाषावापराच्या कोशात ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ या वाक्याची चर्चा आहे. नियमाच्या आग्रही माणसाला हे वाक्य खटकते, कारण त्याच्या मते ‘ओन्ली’ येथे ‘मरण पावला’ याला लागते, आणि माणूस मरण्याखेरीज आणखी काय करणार होता, असा प्रश्न त्याला पडतो. फाउलर यांचा कौल असा की वाचकाची दिशाभूल होत नसेल, तर क्रियापदाच्या आधीची ही जागा इंग्रजीच्या स्वभावाला धरून आहे आणि ती सोडण्याचा हट्ट म्हणजे निव्वळ पांडित्य होय. मला स्वतःला फाउलर यांचे म्हणणे पटते, परंतु त्यातील ‘दिशाभूल होत नसेल तर’ ही अट महत्त्वाची आहे. आपल्या पत्रकातील वाक्य या अटीवर नापास होते.

व्युत्पत्तीविषयी थोडेसे सांगतो. ‘ओन्ली’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाचा शब्द आणि ‘सारखा’ या अर्थाचा प्रत्यय यांच्या जोडणीतून आला आहे. म्हणजे मुळात तो ‘एकटा, एकमेव’ असे सांगणारा शब्द. आपल्याकडील ‘केवळ’ याचीही घडण अर्थाच्या दृष्टीने अशीच आहे, कारण संस्कृतात ‘केवल’ म्हणजे एकटा, दुसऱ्याची सोबत नसलेला. ‘फक्त’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला.

तर्ककर्कश:
स्थानाच्या नियमावर वाद घालण्याआधी ‘ओन्ली’ वाक्याचे काय करतो ते पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते. ‘ओन्ली द सेक्रेटरी केम’ या वाक्यात दोन विधाने आहेत. चिटणीस आले, हे एक. चिटणिसांव्यतिरिक्त दुसरे कोणी आले नाही, हे दुसरे. ही फोड नवी नाही. लॅटिनमधील ‘तान्तुम’ आणि ‘सोलुस’ या शब्दांचा विचार करताना तेराव्या शतकातील पीटर ऑफ स्पेन यांच्यासारख्या तर्कशास्त्रज्ञांनी ती केली होती. परंतु ही दोन विधाने एकाच पातळीवरची नाहीत, हा मुद्दा आधुनिक भाषाविज्ञानात लॉरेन्स हॉर्न यांनी 1969 साली नेटाने मांडला. त्याची कसोटी अगदी सोपी आहे. वाक्य नाकारून पाहावे. ‘फक्त चिटणीस आले, असे नाही’ असे म्हटले तर चिटणीस आले नाहीत असा अर्थ कोणी घेत नाही. आणखीही कोणी आले, एवढेच कळते. म्हणजे नकाराचा घाव दुसऱ्या, वगळणाऱ्या विधानावर पडतो, आणि पहिले विधान गृहीतक म्हणून जागच्या जागी राहते. ‘ओन्ली’चे खरे काम आहे वगळण्याचे, आणि म्हणून तो दिसायला होकारार्थी असला तरी आतून नकारार्थी शब्द आहे.

हा आतला नकार इंग्रजीच्या वाक्यरचनेतही उघड दिसतो. ‘नेव्हर’ वाक्याच्या आरंभी आला की कर्ता आणि साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल होते. तशीच ती ‘ओन्ली देन डिड ही स्पीक’ येथे होते, ‘नॉट ओन्ली डिड ही स्पीक’ येथेही होते. मात्र ‘ओन्ली ही स्पोक’ येथे होत नाही, कारण तेथे ‘ओन्ली’ कर्त्यालाच लागलेला आहे. तसेच ‘एव्हर’ हा शब्द साध्या होकारार्थी विधानात सहसा खपत नाही. ‘ही हॅज एव्हर बीन देअर’ हे अशुद्ध, परंतु ‘ओन्ली ही हॅज एव्हर बीन देअर’ हे शुद्ध.

आता स्थानाकडे येतो. ‘शी ओन्ली शोड द लेटर टु हर ब्रदर’ हे वाक्य मोठ्याने दोनदा म्हणून पाहावे. एकदा ‘लेटर’वर जोर द्यावा, एकदा ‘ब्रदर’वर. पहिल्या वेळी तिने भावाला पत्रच दाखवले, पत्राखेरीज काही दाखवले नाही. दुसऱ्या वेळी पत्र भावालाच दाखवले. शब्दांचा क्रम तसूभर बदललेला नाही, तरी वाक्याची सत्यासत्यता बदलली. मॅट्स रूथ यांच्या 1985 सालच्या प्रबंधाचा हाच विषय होता. ‘ओन्ली’ जागेवरून कोणाला लागतो ते ठरत नाही, आघातावरून ठरते. बोलताना कान हे काम बिनबोभाट करतो. कागदावर आघात उमटत नाही, आणि लोथ यांचा नियम म्हणजे आघात हरवल्यामुळे झालेली उणीव जागेने भरून काढण्याचा प्रयत्न आहे, असे मी म्हणेन.

आडवळण:
हा खुलासा फार उपयोगी पडला. म्हणजे इंग्रजी जे काम आघाताकडून करवून घेते, ते मराठी ‘च’ला योग्य शब्दाशी जोडून करते. ‘तिने भावाला पत्रच दाखवले’ आणि ‘तिने भावालाच पत्र दाखवले’ ही दोन वाक्ये कागदावरही वेगळीच राहतात. मग तर ‘च’ हा ‘ओन्ली’चा अधिक शिस्तबद्ध भाऊ झाला. समीकरण मांडायला हरकत काय?

प्राकृतपाठ:
हरकत आहे, आणि ती आपल्या परंपरेनेच फार पूर्वी नोंदवून ठेवली आहे. मराठी ‘च’, ज्ञानेश्वरीतील ‘चि’ आणि प्राकृतातील ‘चिअ’, ‘चेअ’ ही अवधारण, म्हणजे निश्चय, दाखवणारी अव्यये एकाच घराण्यातील आहेत, आणि त्यांचे काम संस्कृत ‘एव’चे आहे. या ‘एव’चा अर्थ काय, यावर सातव्या शतकातील बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती याने जे विवेचन केले, त्याला तोड नाही. त्याच्या मते ‘एव’ तीन प्रकारे वगळतो, आणि कोणत्या प्रकारे वगळतो ते तो कोणत्या पदाला जोडला आहे यावर ठरते.

‘पार्थ एव धनुर्धरः’ म्हणजे पार्थच धनुर्धर. येथे ‘एव’ विशेष्याला जोडला आहे, आणि पार्थाखेरीज इतरांशी धनुर्धरत्वाचा संबंध तो तोडतो. याला अन्ययोगव्यवच्छेद म्हणतात. ‘चैत्रो धनुर्धर एव’ म्हणजे चैत्र नावाचा माणूस धनुर्धरच आहे. येथे ‘एव’ विशेषणाला जोडला आहे. इतर कोणी धनुर्धर नाही असे त्यातून मुळीच निघत नाही. चैत्र धनुर्धर नसावा ही शंका तेवढी फेटाळली जाते. हा अयोगव्यवच्छेद. तिसरा प्रकार ‘नीलं सरोजं भवत्येव’. येथे ‘एव’ क्रियापदाला जोडला आहे, आणि कमळ निळे कधी नसतेच, असे जे कोणी म्हणत असेल त्याचे म्हणणे तो खोडून काढतो. हा अत्यंतायोगव्यवच्छेद.

या तिन्हींपैकी ‘ओन्ली’च्या वाट्याला पहिला प्रकार तेवढा येतो. ‘चैत्र धनुर्धरच आहे’ याचे इंग्रजी करताना ‘ओन्ली’ घातला तर ‘चैत्र नुसता धनुर्धर आहे, त्याहून मोठा कोणी नाही’ असा अवमानकारक अर्थ होईल. ‘तो येणारच’, ‘मला ठाऊकच होते’, ‘हे होणे अटळच होते’ या सर्व वाक्यांतील ‘च’ दुसऱ्या प्रकारचा आहे आणि त्याला इंग्रजीत ‘ओन्ली’शी काही देणेघेणे नाही. इंग्रजी तेथे ‘बाउंड टु’, ‘ऑल अलाँग’, ‘सिंपली’ अशी निरनिराळी साधने वापरते, किंवा नुसता आवाज चढवते.

व्याकरणवही:
विवेचन उत्तम आहे, परंतु तिसऱ्या उदाहरणाविषयी एक शंका मांडतो. आजच्या मराठीत ‘कमळ निळे असतेच’ असे म्हटले तर ऐकणारा ‘प्रत्येक कमळ निळे असते’ असा अर्थ घेईल. म्हणजे तिसरा प्रकार मराठी ‘च’कडे उरलेला नाही, असे म्हणावे काय?

प्राकृतपाठ:
उरला आहे, परंतु त्याला ‘की’ची सोबत लागते. कोणी म्हणाले, ‘निळी कमळे नसतात’, तर आपण पटकन म्हणतो, ‘असतात की!’ किंवा ‘असतातच की!’ येथे सर्व कमळे निळी आहेत असे कोणी समजत नाही. आपली शंका विधानरूपातील वाक्यापुरती रास्त आहे.

मधलीवेळ:
सर्वांचे म्हणणे वाचले. एका बाबीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि ती म्हणजे काळ. ‘ओन्ली येस्टरडे’ म्हणजे ‘कालच’ हे आपण बेधडक लिहितो. परंतु ही दोन वाक्ये पाहावीत. ‘तो कालच आला आहे, अजून त्याचे सामानही उघडलेले नाही.’ ‘तो कालच आला, आज येणार होता ना?’ पहिल्या वाक्यातील ‘कालच’ सांगतो की येऊन फार वेळ झालेला नाही. दुसऱ्यातील ‘कालच’ सांगतो की अपेक्षेपेक्षा आधी आला. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘ओन्ली’ लागेल, दुसऱ्यासाठी मात्र ‘ऑलरेडी’ किंवा ‘अ‍ॅज अर्ली अ‍ॅज’. तेथे ‘ओन्ली’ घातला तर अर्थ नेमका उलटा होईल. ‘अर्ज मी कालच पाठवला’ असे सांगणाऱ्याला आपली तत्परता दाखवायची असते. त्याचे इंग्रजी ‘आय ओन्ली सेंट द अ‍ॅप्लिकेशन येस्टरडे’ असे केले तर ती उशीर झाल्याची कबुली होते. नोकरीसाठी लिहिलेल्या पत्रात ही चूक चांगलीच महागात पडू शकते.

असे का होत असावे, याचा माझ्यापुरता उलगडा असा आहे. ‘ओन्ली’ नेहमी एखाद्या मापपट्टीवर ‘याच्यापुढे नाही’ असे सांगतो, आणि ती मापपट्टी कमीपणाची असते: ‘ओन्ली फाइव्ह’, ‘ओन्ली अ क्लर्क’, ‘इट इज ओन्ली अ गेम’. ‘च’ला अशी दिशा नाही. तो त्या क्षणावर बोट ठेवतो, आणि कमी की जास्त, लवकर की उशिरा, हे संदर्भावर सोडतो. भविष्यकाळात तर ‘ओन्ली’ उशीर दाखवतो. ‘ही विल ओन्ली कम ऑन मंडे’ याचे भाषांतर ‘तो सोमवारीच येईल’ असे केले की ते ठाम आश्वासनासारखे वाटते. खरा अर्थ ‘तो सोमवारशिवाय काही येत नाही’ असा आहे.

संख्येच्या बाबतीतही ‘च’ कोठे बसतो याने फरक पडतो. ‘पाचच जण आले’ यात संख्या कमी असल्याची खंत आहे. ‘पाच जणच आले’ हे त्याच अर्थाने बोलले जाते खरे, परंतु माझ्या कानाला त्यात माणसे आली, सामान आले नाही, असाही एक अर्थ डोकावतो. इतरांचा कान काय सांगतो हे जाणून घ्यायला आवडेल.

तर्ककर्कश:
माझा कान दुसऱ्या वाक्यात फरक करत नाही, परंतु ‘कालच’विषयीचे आपले निरीक्षण बिनतोड आहे.

जर-तरच:
गणित शिकवत असल्यामुळे माझा संबंध ‘ओन्ली इफ’शी रोज येतो, आणि विद्यार्थी जेथे हमखास अडखळतात ती ही जागा आहे. ‘क्ष ओन्ली इफ य’ याचा अर्थ ‘क्ष असेल तर य असलाच पाहिजे’ असा आहे. ‘य असेल तर क्ष’ असा तो नाही. ‘संख्या चारने विभाज्य आहे ओन्ली इफ ती सम आहे’ हे विधान सत्य आहे. त्यातील ‘ओन्ली’ काढून नुसते ‘इफ’ ठेवले तर विधान असत्य होते, कारण सहा ही संख्या सम आहे आणि तिला चारने भाग जात नाही. ‘इफ’ पुरेशी अट सांगतो, ‘ओन्ली इफ’ आवश्यक अट सांगतो.

मराठीत याचे रूप पाहण्यासारखे आहे. आपण ‘संख्या सम असेल तरच ती चारने विभाज्य असू शकते’ असे म्हणतो. इंग्रजीत ‘ओन्ली’ अटीच्या डोक्यावर बसतो. आपला ‘च’ अटीला न चिकटता ‘तर’ला, म्हणजे अट आणि फळ यांच्या सांध्याला चिकटतो. ‘सम असेलच तर’ असे म्हटले की वेगळाच अर्थ होतो: सम असण्याची शक्यता कमी आहे, पण समजा असलीच तर. विद्यार्थ्यांना मी इंग्रजी वाक्य आधी ‘तरच’मध्ये वळवायला सांगतो. बऱ्याच जणांचा गोंधळ तेथेच मिटतो. ‘इफ अँड ओन्ली इफ’ला ‘जर आणि तरच’ हा प्रतिशब्द ज्याने रुळवला त्याचे कौतुक करावेसे वाटते. आणि शब्द उलटे करून ‘इफ ओन्ली’ म्हटले की तर्कशास्त्र संपते आणि हळहळ सुरू होते: ‘तो आला असता तर किती बरे झाले असते!’ येथे ‘च’ही नाही आणि ‘फक्त’ही नाही.

अनुवादघर:
‘इफ ओन्ली’चा उल्लेख झालाच आहे, तर ज्या जागी ‘फक्त’ लिहिले की भाषांतर हमखास बिघडते अशा आणखी काही जागा सांगतो. ‘ही रश्ड होम, ओन्ली टु फाइंड द डोअर लॉक्ड’ याचे ‘फक्त दाराला कुलूप सापडण्यासाठी तो घाईने घरी गेला’ असे भाषांतर मी छापील पुस्तकांत पाहिले आहे. वास्तविक मराठीत यासाठी घडीव रचना तयार आहे: ‘तो धावतपळत घरी गेला, पाहतो तो दाराला कुलूप.’ ‘ओन्ली टू ग्लॅड’ म्हणजे ‘अगदी आनंदाने’. ‘ओन्ली जस्ट’ म्हणजे प्रसंगानुसार ‘आत्ता कुठे’ किंवा ‘जेमतेम’. ‘ही इज ओन्ली अ चाइल्ड’ म्हणजे ‘लहान आहे हो तो अजून’, आणि ‘ही इज अ‍ॅन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे तो एकुलता एक आहे. या दुसऱ्या वाक्यात तो शब्द क्रियाविशेषण नसून विशेषण आहे. ‘आय वुड कम, ओन्ली आय हॅव वर्क’ येथे तर तो चक्क ‘पण’ झाला आहे.

‘नुसता’ या शब्दाकडे भाषांतरकारांचे दुर्लक्ष होते, असे माझे मत आहे. जेथे ‘ओन्ली’ क्रियेला लागतो तेथे ‘फक्त’पेक्षा ‘नुसता’ अधिक सहज बसतो. ‘ही ओन्ली लाफ्ड’ म्हणजे ‘तो नुसता हसला’.

पाटीवाचक:
सूचनाफलकांवर हा शब्द नामाच्या मागे जातो: ‘मेंबर्स ओन्ली’, ‘स्टाफ ओन्ली’. धनादेशावर अक्षरी रकमेच्या शेवटी येणारा ‘ओन्ली’ही असाच मागे उभा असतो, आणि त्याचे काम पुढे कोणी आकडा वाढवू नये एवढेच. आपणही तेथे ‘फक्त’ लिहितो. मराठी माणूस इंग्रजी बोलताना ‘आय केम टुडे ओन्ली’ असे म्हणतो, त्याचे कारण मात्र फलक नव्हे. ‘आजच’मधील ‘च’ त्याने जसाच्या तसा ‘ओन्ली’च्या रूपाने मागे लावलेला असतो. प्रमाण इंग्रजी ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘मी आजच्यापुरता आलो’ असा वाटू शकतो.

आडवळण:
सर्वांचे आभार. पत्रकातील त्या वाक्यापुढचे वाक्य मी पुन्हा वाचले. त्यात ‘त्यामुळे हरकती नोंदवण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही’ अशा आशयाची तक्रार आहे. म्हणजे तेथे ‘ओन्ली’ सोमवारला लागतो आणि उशीर दाखवतो. ‘सभासदांना सोमवारीच कळवले’ असे लिहिले असते तर ‘मधलीवेळ’ यांनी दाखवल्याप्रमाणे समितीने तत्परता दाखवली असा उलटा अर्थही निघाला असता. म्हणून मी ‘समितीने सोमवारपर्यंत सभासदांना कळवलेच नाही’ असे लिहिण्याचे ठरवले आहे. ‘ओन्ली’ गेला आणि त्याच्या आत असलेला नकार उघडपणे वाक्यात आला.

तर्ककर्कश:
भाषांतर योग्य आहे, परंतु एका गोष्टीची दखल घ्यावी. मूळ वाक्यात सोमवारी कळवले, हे गृहीत धरलेले आहे. आपल्या वाक्यावरून सोमवारी तरी कळवले की नाही, हे निश्चित होत नाही. पत्रक वादाच्या प्रकरणात पुरावा म्हणून वापरले जाणार असेल, तर ‘समितीने सभासदांना कळवले ते थेट सोमवारी’ अशी रचना अधिक सुरक्षित ठरेल. तीत दोन्ही विधाने शाबूत राहतात.

आडवळण:
हा बदल स्वीकारला आहे. ‘थेट सोमवारी’ असेच छापायला पाठवतो.